मंगळवार, बुधवार : उत्तर इंग्लंडमधल्या एका डीजेची कारकीर्द

मराठीत ‘डीजे’ हा शब्द आता माणसाला फारसा लावला जात नाही. डीजे ‘आणतात’, डीजे ‘लावतात’, विसर्जनाच्या रात्री पोलीस येऊन तो ‘बंद पाडतात’. आपल्या लेखी डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरांची भिंत. त्या भिंतीमागे लॅपटॉप घेऊन बसलेला कोणी पोरगा असतो, पण फलकावर नाव झळकते ते साउंड सर्व्हिसच्या मालकाचे. मूळ इंग्रजी शब्दात मात्र माणूसच होता. ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकडीवर स्वार झालेला. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर रेकॉर्डी लावून मधूनमधून बोलणाऱ्या निवेदकांना हे काहीसे कुचेष्टेचे नाव पडले आणि पुढे नाचघरांत तबकड्या लावणाऱ्यांकडे ते गेले.

या दुसऱ्या माणसाचा, नाचघरातल्या तबकडीवाल्याचा, इतिहास हा गेली काही वर्षे माझ्या आवडीचा विषय आहे. नोकरीनिमित्त मँचेस्टरला राहत असताना या विषयाची गोडी लागली. न्यूयॉर्क-लंडनच्या नामांकित डीजेंवर पुस्तके आहेत, माहितीपट आहेत. मला कुतूहल होते ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या डीजेचे. या धंद्याला ना शाळा, ना गुरुकुल, ना परवाना, ना निवृत्तिवेतन. मग पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा त्यात शिरतो तो काय पाहून? त्याची बढती कशात मोजायची? आणि तो थांबतो तेव्हा मागे काय उरते? या प्रश्नांची उत्तरे शोधायला ग्रेग विल्सन या माणसाची कारकीर्द मला सगळ्यांत उपयोगी वाटली. ती समजायला आधी थोडे मागे जावे लागेल.

उत्तर इंग्लंड म्हणजे लँकेशायर, यॉर्कशायर, मर्सीच्या काठचा मुलूख. मराठी माणसाला हा प्रदेश वाटतो तितका परका नाही. स्वदेशीच्या होळ्यांत जळालेले कापड बरेचसे इथले, आणि मुंबईच्या गिरण्यांत धडधडणारी यंत्रेही ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इथल्याच कारखान्यांतून आलेली. गिरणीगावात आठवडा असतो आणि आठवड्याला शेवट असतो. शनिवारची रात्र ही इथल्या कामगार पोरांची खरी मालमत्ता होती. त्यात सरकारी रेडिओवर रेकॉर्डी वाजवण्याच्या तासांवर मर्यादा. रेकॉर्ड कंपन्यांचा संघ आणि वादकांची संघटना या दोघांनी मिळून ती घालून घेतली होती. वादकांची पोटे वाजवण्यावर चालतात, तबकड्यांनी ती मारू नयेत, हा त्यामागचा हेतू. बीबीसीची तरुणांसाठीची वाहिनी, रेडिओ वन, सुरू झाली ती थेट १९६७ च्या सप्टेंबरअखेर. म्हणजे अमेरिकन काळ्या गायकांचे ताजे गाणे ऐकायचे तर ज्याच्याकडे ती तबकडी आहे त्याच्या दारात जाणे भाग होते. डीजेची सत्ता सुरू होते ती इथून. तो कलावंत आहे म्हणून त्याला मान नव्हता, त्याच्याकडे वस्तू होती म्हणून होता.

मँचेस्टरचा ‘ट्विस्टेड व्हील’ हा क्लब १९६३ मध्ये ब्रेझनोज स्ट्रीटवर सुरू झाला. तिथला डीजे रॉजर ईगल. जन्माने ऑक्सफर्डचा, विशीत मँचेस्टरला आलेला आणि केलॉग्जच्या कारखान्यात कामाला लागलेला. त्याचा संग्रह आणि कान दोन्ही विलक्षण होते. ब्लूज, जॅझ, सोल, जमैकन संगीत असे सगळे तो एका रात्रीत वाजवी. शिवाय ‘आर अँड बी सीन’ नावाचे छोटे मासिकही त्याने चालवले. क्लब रात्रभर चाले, दारू मिळत नसे, आणि जागे राहायला पोरे गोळ्या घेत. त्या गोळ्यांना एकच लय मानवते, जलद. हळूहळू श्रोत्यांनी बाकी सगळे नाकारले आणि जलद सोलच मागायला सुरुवात केली. १९६६ मध्ये ईगलने क्लब सोडला. पुढे लिव्हरपूलला ‘एरिक्स’ हा पंक संगीताचा प्रसिद्ध क्लब चालवणाऱ्यांतला तो एक होता, पण ते वेगळे प्रकरण. आपल्यापुरते इतके पाहायचे की श्रोते घडवणाऱ्याला त्याच श्रोत्यांनी कोपऱ्यात ढकलले. त्याच साली मँचेस्टर पालिकेचा, कॉफी क्लबांवर पोलिसांना जादा अधिकार देणारा कायदा अमलात आला. व्हील तरीही १९७१ पर्यंत चालले.

ईगल नको म्हणून निघून गेला त्या आवडीलाच पुढे ‘नॉर्दर्न सोल’ म्हणू लागले. नाव मात्र लंडनकराने दिले. डेव्ह गॉडिन याचे लंडनला रेकॉर्डचे दुकान होते. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून आलेली पोरे नवे काही न मागता साठीतल्या मधल्या वर्षांचे जलद सोल मागतात, हे त्याच्या लक्षात आले, आणि दुकानातल्या माणसांना कळावे म्हणून त्याने तो शब्द वापरला. १९७० मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ मासिकातल्या सदरात तो छापून आला. ही आवड मोठी चमत्कारिक होती. अमेरिकेत विकली न गेलेली, गोदामात पडून राहिलेली, अपयशी गायकांची गाणी इंग्लंडातल्या खाणकामगारांची पोरे जिवापाड जपू लागली. नवे गाणे कोणी लिहीत नव्हते; ‘नवे’ म्हणजे कोणाला अजून न सापडलेले जुने. विगनच्या ‘कॅसिनो’त १९७३ च्या सप्टेंबरपासून रात्रभराच्या मैफली सुरू झाल्या. पहाटे दोनला दार उघडायचे, रविवारी सकाळी आठला बंद व्हायचे. बूट सरकावे म्हणून फरशीवर टाल्कम पावडर टाकायचे. शेवटची तीन गाणी ठरलेली, भैरवीसारखी.

या व्यवस्थेत डीजेची बढती दुर्मीळ तबकडीवर ठरे. त्यातून एक प्रथा निघाली ती वाचताना मला हसू आले, कारण ती आपल्या घराण्यांतल्या उस्तादांची आठवण करून देते. डीजे तबकडीवरच्या नावाच्या चकतीवर कोरा कागद चिकटवत आणि गाण्याला खोटे नाव, गायकाला खोटे नाव देत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ते शोधता येऊ नये. खानदानी चीज शागिर्दाला अर्धीच सांगायची किंवा मैफलीत बोल पुसट म्हणायचे, तसलाच हा प्रकार. फ्रँक विल्सन या गायकाने १९६५ मध्ये मोटाउन कंपनीसाठी केलेली एक तबकडी, जिच्या प्रती कंपनीने जवळजवळ सगळ्या नष्ट केल्या, ती कित्येक वर्षे ‘एडी फॉस्टर’ या नावाने नाचघरांत वाजत होती. तिची एक प्रत २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली.

ब्लॅकपूलच्या ‘मक्का’ नाचघरातल्या इयन लेव्हीनने ही चौकट मोडायला सुरुवात केली. घर सुखवस्तू, सुट्टीला मायामीला जाणे-येणे. तिथून तो तबकड्या ढिगांनी आणी. सत्तरच्या मध्यात त्याने आणि त्याचा जोडीदार कॉलिन कर्टिस याने न्यूयॉर्कची ताजी, त्या वर्षीची गाणी जुन्या सोलमध्ये मिसळायला सुरुवात केली. कर्मठ मंडळी खवळली. ‘लेव्हीन मस्ट गो’ असे फलक निघाले, बिल्ले निघाले. तबकडी लावणाऱ्या माणसाविरुद्ध मोर्चेवजा निदर्शने व्हावीत, यात मला त्या लोकांचे वेड दिसते तसा त्याचा दर्जाही दिसतो. कोणी क्षुल्लक माणसाविरुद्ध बिल्ले छापत नाही. लेव्हीन पुढे लंडनला ‘हेवन’ क्लबचा डीजे झाला, ऐंशीच्या दशकात ‘हाय एनर्जी’ नावाच्या नाचगाण्यांचा निर्माता झाला. कर्टिस उत्तरेतच राहिला आणि जॅझ-फंककडे वळला. एका प्रांतातला डीजे पुढे कुठे जाऊ शकतो याचे दोन रस्ते या जोडीत दिसतात : राजधानी, नाहीतर गावातच राहून संगीत बदलत जाणे. ग्रेग विल्सनने दुसरा धरला.

विल्सनचा जन्म १९६० चा, मर्सी नदीपलीकडच्या न्यू ब्राइटन भागातला. लिव्हरपूलच्या गोदी कामगारांचे हे हवा खायचे ठिकाण. १९७१ मध्ये तिथली फेरीबोट बंद पडली आणि गावाला उतरती कळा लागली. १९७५ च्या डिसेंबरात, वयाच्या पंधराव्या वर्षी, ‘चेल्सी रीच’ नावाच्या तिथल्या ठिकाणी त्याने कामाला सुरुवात केली. पुढे १९७७ ते १९८० तो ‘गोल्डन गिनी’ या क्लबचा निवासी डीजे होता. मध्ये काही काळ डेन्मार्क-नॉर्वेतही वाजवून आला.

‘निवासी डीजे’ हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. आजचा नामांकित डीजे दोन तास वाजवतो आणि विमान पकडतो. त्या काळचा निवासी डीजे आठवड्यातून चार-चार, पाच-पाच रात्री, दार उघडल्यापासून शेवटचा माणूस जाईपर्यंत एकटा उभा असे. आठ वाजता रिकाम्या दालनाला साजेसे काही, दहाला गर्दी जमवणारी बाजारातली गाणी, अकरानंतर स्वतःच्या आवडीचे, आणि शेवटी जोडप्यांसाठी संथ गाणी. मध्येच वाढदिवसांच्या घोषणा, गाडी चुकीच्या जागी लावणाऱ्याचा क्रमांक, बारवाल्याची सूचना. ब्रिटनमध्ये डीजेची परीक्षा माईकवर होई. बोलता येत नाही तो डीजे कसला, असा समज होता. तमाशाच्या फडात सोंगाड्याला जसे रोजच्या गावाप्रमाणे बोलणे फिरवावे लागते, तसे हे काम. कंटाळवाणे, थकवणारे आणि दुसरीकडे कुठेही न मिळणारे शिक्षण. कोणत्या गाण्याला लोक खुर्चीवरून उठतात आणि कोणत्याला बारकडे वळतात हे हजार रात्री पाहिलेला माणूस आणि घरी बसून ऐकणारा संग्राहक यांच्यात याच रात्रींचा फरक असतो.

१९८० मध्ये विल्सन विगनच्या ‘विगन पिअर’ क्लबात आला. ऑर्वेलच्या पुस्तकामुळे हे नाव आपल्याकडच्या वाचकालाही ऐकून माहीत असते. मूळ पिअर म्हणजे कालव्यावर कोळसा उतरवायची एक टीचभर जागा. विगनला समुद्र नाही हाच त्या नावातला विनोद. त्या क्लबात मंगळवारी जॅझ-फंकची रात्र असे. वर्षभरानंतर, १९८१ च्या ऑगस्टमध्ये, मँचेस्टरच्या ‘लेजंड’ क्लबाची बुधवारची रात्रही त्याच्याकडे आली.

मंगळवार आणि बुधवार. माझ्या मते या कारकिर्दीची किल्ली या दोन वारांत आहे. शुक्रवार-शनिवार क्लबमालक कोणाच्या आवडीवर सोडत नसे. त्या दिवशी बाजारातली गाणी, टाय घातलेले गिऱ्हाईक आणि बारचा गल्ला. आठवड्याच्या मधल्या रात्री ओस पडत, म्हणून त्या वेगळ्या संगीताच्या वेडगळ मंडळींना देऊन टाकायच्या. आपल्या प्रायोगिक नाटकांच्या वाट्याला जे वार आणि ज्या वेळा येत, तोच हा हिशेब. पण मालकाने ज्या रात्रीवर पाणी सोडले आहे त्या रात्री डीजेला कोणी विचारत नाही, ही त्यातली मोकळीक.

आणि या रात्री येणारे कोण, हे महत्त्वाचे. मँचेस्टरच्या मॉस साइड आणि ह्यूम या वस्त्यांतली कॅरिबियन वंशाची मुले-मुली. शहराच्या मध्यभागातल्या बऱ्याच क्लबांच्या दारावर शनिवारी त्यांना काही ना काही निमित्त काढून परत पाठवले जाई. कपडे बरोबर नाहीत, सभासद नाहीत, आज गर्दी आहे. १९८१ च्या जुलैमध्ये लिव्हरपूलला टॉक्स्टेथ आणि मँचेस्टरला मॉस साइड पेटले. विल्सनची लेजंडमधली पहिली रात्र त्यानंतर जेमतेम महिन्याभरातली. १९८२ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. (त्याच जानेवारीच्या १८ तारखेला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दोन शहरांचा कापसाचा संबंध होता तो असा एकाच वेळी सुटत होता. पुढे लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात पब निघाले हे वाचकांना सांगायला नको.) बुधवारी रात्री नाचायला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे नसणे हीसुद्धा एक सोय होती, असे म्हणणे क्रूर वाटेल, पण हिशेबात ते धरावे लागते.

लेजंडची ध्वनियंत्रणा आणि प्रकाशयोजना देशातल्या उत्तमांपैकी होती. टेक्निक्स कंपनीच्या १२०० या टर्नटेबलची १९७९ ची आवृत्ती तोवर बाजारात आली होती. ही कंपनी म्हणजे आपल्या घरोघरच्या ‘नॅशनल’ रेडिओवाल्या मात्सुशिताचीच. तिला उजव्या हाताला एक सरकती पट्टी होती. ती खालीवर केली की तबकडीची गती किंचित वाढते वा घटते. दोन तबकड्यांचे ठेके जुळवून एकातून दुसरीत श्वास न तोडता जाणे त्यामुळे सोपे झाले. न्यूयॉर्कला हे तंत्र फ्रान्सिस ग्रासोने दहा वर्षांपूर्वीच रूढ केले होते. ब्रिटनमध्ये मात्र माईकच्या प्रेमापायी ते मागे पडले होते. ‘रेकॉर्ड मिरर’मध्ये जेम्स हॅमिल्टन प्रत्येक नव्या गाण्याचे मिनिटाला ठोके किती हे छापू लागला, तसे ठोके जुळवण्याचे काम प्रांतातल्या डीजेलाही सोपे झाले. विल्सनने बोलणे कमी केले आणि जोडकामाकडे लक्ष दिले. आपल्याकडे निवेदकाने एकदम गप्प बसून संवादिनी हातात घ्यावी, इतका हा बदल मोठा होता.

दुसरा बदल संगीताचा. मँचेस्टरच्या ‘स्पिन इन’ या दुकानात न्यूयॉर्कच्या बारा इंची तबकड्या येत. १९८२ मध्ये त्यांच्यात एक नवे चलन दिसू लागले. ढोलकी माणसाची नाही, यंत्राची. खर्ज गिटारचा नाही, सिंथेसायझरचा. आफ्रिका बंबाटाची ‘प्लॅनेट रॉक’ त्याच वर्षीची. विल्सन ही गाणी मोठ्या प्रमाणात वाजवू लागला आणि लेव्हीनच्या नशिबी आले तेच त्याच्याही आले. जॅझ-फंकच्या जाणकारांनी नाके मुरडली. यात वाद्ये नाहीत, आत्मा नाही, हे संगीतच नव्हे, अशी टीका डीजे मंडळींकडून, मासिकांतून झाली. गंमत अशी की टीकाकार बहुतेक गोरे, आणि त्या यंत्रसंगीतावर लेजंडमध्ये नाचणारी मुले बहुतेक काळी. काळ्या संगीताचा आत्मा कशात आहे हे त्या मुलांना समजावून सांगायला गोरे रसिक पुढे सरसावले होते. मुलांनी ऐकले नाही. बर्मिंगहॅम, लीड्ससारख्या दूरच्या शहरांतूनही लोक बुधवारी मँचेस्टरला येऊ लागले.

त्यानंतरची पायरी रेडिओची. पिकॅडिली रेडिओ या स्थानिक केंद्रावर माइक शाफ्टचा सोल संगीताचा कार्यक्रम होता. १९८२ च्या मे महिन्यापासून त्यात विल्सनने जोडलेली गाण्यांची मालिका ऐकवली जाऊ लागली. फितीवर, ब्लेडने कापून चिकटवून तो काही तुकडे तयार करी. पोरांनी त्या मालिका कॅसेटवर उतरवून घेतल्या आणि हाताहाती वाटल्या. इतिहासकार म्हणून मला या कॅसेटांचे फार मोल वाटते. नाचघराची रात्र मागे कागद ठेवत नाही. कुठली गाणी, कोणत्या क्रमाने, कोणत्या वेळी, याची नोंद नसते. तमाशाचा वग जसा रंगमंचावरच विरून जाई तसे. रेडिओमुळे त्या दोन वर्षांचा थोडा तरी ध्वनी उरला. १९८३ च्या फेब्रुवारीत चॅनल फोरच्या ‘द ट्यूब’ या कार्यक्रमात विल्सनने दोन टर्नटेबलांवर थेट प्रात्यक्षिक दाखवले. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर असे करणारा पहिला डीजे म्हणून त्याचे नाव घेतात. ती फीत आज पाहिली तर सूत्रसंचालक जूल्स हॉलंडच्या प्रश्नांतून एक गोष्ट उघड दिसते : हा माणूस नेमके करतो काय, हे लोकांना समजावून सांगावे लागत होते.

मँचेस्टरमधला जगप्रसिद्ध क्लब म्हणजे ‘हासिएंडा’. फॅक्टरी रेकॉर्ड्स आणि न्यू ऑर्डर हा बँड यांनी मिळून १९८२ च्या मे महिन्यात तो उघडला. प्रचंड दालन, गाजलेली सजावट आणि ध्वनी अगदी सुमार. डीजेची खोली आरंभी रंगमंचाशेजारी, खालच्या अंगाला होती. नाचणारे लोक एका फटीतून पाहावे लागत. पहिला निवासी डीजे ह्यूअन क्लार्क, मँचेस्टरचाच काळा तरुण. क्लबाच्या पुराणात त्याच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात. १९८३ च्या ऑगस्टमध्ये हासिएंडाने शुक्रवारची रात्र विल्सनला दिली. अखेर शुक्रवार! पण लांब कोट घातलेल्या, गिटारच्या संगीतावर वाढलेल्या तिथल्या गिऱ्हाइकाला इलेक्ट्रो मानवेना, आणि लेजंडचा प्रेक्षक तिकडे फारसा फिरकला नाही. ते त्यांचे घर नव्हते.

त्या वर्षअखेर विल्सनने डीजेपण सोडले. वय तेवीस. ‘ब्रोकन ग्लास’ या मँचेस्टरच्या रस्त्यावर ब्रेकडान्स करणाऱ्या मुलांच्या चमूचे व्यवस्थापन तो करत होता, ध्वनिमुद्रणाकडे वळायचे होते. १९८४ मध्ये ‘स्ट्रीट साउंड्स’ कंपनीने काढलेली ‘यूके इलेक्ट्रो’ ही तबकडी बरीचशी त्याने आणि दोन साथीदारांनी मिळून केली. पुढे ‘रूथलेस रॅप असॅसिन्स’ या ह्यूमच्या रॅप गटाचा तो निर्माता आणि व्यवस्थापक झाला. त्यांचा पहिला संग्रह १९९० चा. यश बेताचे आले. नॉर्मन कुक या तरुणाला त्याने तबकडी घासून आवाज काढण्याची कला दाखवली होती, तो पुढे ‘फॅटबॉय स्लिम’ या नावाने जगभर गाजला.

त्याने सोडले का, याचे उत्तर त्याने स्वतः वेगवेगळ्या ठिकाणी दिले आहे : नव्या कामाची ओढ, जे साधायचे ते साधले ही भावना. मला त्यात आणखी एक कारण दिसते. १९८३ मध्ये उत्तरेतल्या डीजेला याच्या वर पायरीच नव्हती. गावोगाव पाहुणा म्हणून बोलावणे, बिदागी, विमानाची तिकिटे हा व्यवहार पाच वर्षांनी उभा राहिला. सर्व शिखरे चढून झाली म्हणून तो थांबला असे म्हणता येते, आणि शिखरच तेवढे बुटके होते असेही म्हणता येते.

पुढच्या पाच वर्षांत ब्रिटनमध्ये नाचसंगीताची लाट आली आणि तिची एक कथा पक्की झाली. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनचे चार डीजे इबीझा बेटावर सुट्टीला गेले, तिथले संगीत ऐकून भारावले, परत येऊन त्यांनी क्लब काढले आणि देश नाचू लागला. कथा सुटसुटीत आहे, वर्तमानपत्रांना आवडणारी. तिच्यातला इबीझाचा भाग खराही आहे. पण शिकागोचे ‘हाउस’ संगीत उत्तरेत त्याआधीच वाजत होते, आणि त्यावर आधी नाचत होती ती मॉस साइड-ह्यूमची तीच मुले. माइक पिकरिंग हासिएंडात ते वाजवत होता. त्याच्या ‘टी-कॉय’ या गटाचे ‘कारिन्यो’ हे गाणे १९८७ चेच. १९८८ नंतर विद्यार्थी आणि पर्यटक लोटले, गर्दी पांढरी झाली आणि आधीचे नर्तक हळूहळू बाहेर पडले. मग पुस्तके लिहिली गेली, ती लोटलेल्यांनी. लेजंडचे बुधवार त्यांत नव्हते.

इथे या कारकिर्दीचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग येतो. २००३ मध्ये विल्सनने ‘इलेक्ट्रोफंकरूट्स’ या नावाने संकेतस्थळ काढले आणि १९८२-८३ मध्ये त्या दोन क्लबांत कोणती गाणी वाजली, त्यांचा क्रम काय, विरोध कोणी केला, नाचणारे कोण होते, हे सविस्तर लिहायला घेतले. आत्मसमर्थनाचा वास त्याला येतो का? थोडा येतो. स्वतःच्या कामगिरीचा इतिहासकार स्वतःच असणे ही अडचणीची जागा आहे, आणि आपल्याकडच्या नटांची आत्मचरित्रे वाचलेल्या कोणालाही ती ठाऊक आहे. म्हणून मी त्याचे म्हणणे जमेल तिथे रेडिओच्या ध्वनिफितींशी आणि दूरचित्रवाणीच्या फितीशी ताडून पाहतो, आणि बहुतेक ठिकाणी ते जुळते. शिवाय त्याच्या लेखनात ‘मी’पेक्षा नर्तकांचा आणि कॉलिन कर्टिस, ह्यूअन क्लार्क, माइक शाफ्ट यांचा उल्लेख ठळक आहे. स्वतःचा पुतळा उभारणारा इतक्या लोकांना चौथऱ्यावर घेत नाही.

या लेखनाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. विशीतल्या वाचकांनी हा माणूस अजून वाजवतो का, अशी चौकशी सुरू केली. १९८३ नंतर वीस वर्षांनी, २००३ च्या डिसेंबरात, तो मँचेस्टरलाच पुन्हा टर्नटेबलांमागे उभा राहिला. २००५ मध्ये जुन्या गाण्यांच्या फेरजुळण्यांचा ‘क्रेडिट टू द एडिट’ हा त्याचा संग्रह निघाला. २००९ मध्ये रेडिओ वनच्या ‘इसेन्शियल मिक्स’ या मानाच्या कार्यक्रमात त्याला बोलावणे आले. म्हणजे चरितार्थ देणारी, देशोदेशी नेणारी कारकीर्द त्याला मिळाली ती वयाच्या पन्नाशीच्या आसपास, आणि लिहिण्याच्या वाटेने.

ज्या इमारतींत हे घडले त्यांचे काय झाले तेही नोंदवून ठेवतो. विगन कॅसिनो १९८१ च्या डिसेंबरात बंद झाला, पुढच्या वर्षी आग लागली, मग पाडला. आता त्या जागी खरेदीसंकुल आहे. व्हिटवर्थ स्ट्रीटवर नंतर गेलेल्या ट्विस्टेड व्हीलच्या जागी हॉटेल झाले. हासिएंडा २००२ मध्ये पाडला आणि तिथे त्याच नावाची सदनिकांची इमारत उभी राहिली. मँचेस्टरला असताना कालव्याच्या बाजूने मी तिच्यावरून पुष्कळदा गेलो आहे. विल्सन मात्र कार्यक्रमाला जाताना अजून रेव्हॉक्स कंपनीचे एक जड, दोन चक्रांचे टेपयंत्र बरोबर नेतो. लेजंडच्या काळात पिकॅडिली रेडिओसाठी फिती जोडताना ज्या जातीचे यंत्र वापरीत, त्याच जातीचे. लॅपटॉपच्या शेजारी ते ठेवलेले असते, आणि मधूनच तो हाताने चक्र थांबवून आवाज ओढून घेतो.